पाण्याखाली कापलेले देठ

एल्म लेक, मिनेसोटा
रविवार, १९ ऑक्टोबर

प्रिय ट्रूडी,

तू पाठवलेला संत्र्याचा मुरंबा पोचला. बाटली फुटली नव्हती, याचं पोस्टमनलासुद्धा आश्चर्य वाटलं. मी मजेत आहे. गुडघे मजेत नाहीत, पण त्यांनी माझं ऐकणं केव्हाच सोडलंय. तू बरी असशील. तुमच्याकडे अजून पंखे फिरताहेत म्हणालीस. इकडे मंगळवारी पहिलं कडक हिम पडलं आणि सकाळी उठून बघते तर तळ्यातल्या लिलीची पानं काळी ठिक्कर.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, ते तळं बुजव, वर गवत लाव, एकदाची कटकट मिटव." टुसॉनच्या उन्हात बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे बाई. तुझ्या बाबांनी दोन उन्हाळे खपून ते तळं खणलं. त्यांच्या खोऱ्याचा दांडा मोडला, पाठ मोडली, पण तळं झालं. ते गेल्यावर घरातल्या बऱ्याच वस्तू मी देऊन टाकल्या. तळं काही देता येत नाही, म्हणून ते राहिलं, आणि आता मला त्याची सवय झालीय.

तर सांगायचं म्हणजे, हिवाळ्याची सगळी कामं काल उरकली. जलपर्णी उपसून खतात टाकली. दर वसंतात विकत आणायची आणि दर शरदात फेकायची, या मूर्खपणाला आता किती वर्षं झाली कुणास ठाऊक. पाणकणसं तशीच उभी ठेवली, तुझे बाबा ठेवायचे तशी. लिलीची मेलेली पानं छाटली आणि टोपल्या काठच्या पायरीवरून काढून मधल्या खोल खड्ड्यात उतरवल्या, म्हणजे वर कितीही बर्फ धरलं तरी मुळं गोठायची नाहीत. मासे सुस्त झालेत, त्यांचं खाणं बंद केलं. पाण्यावर जाळी ताणलीय, कारण शेजारच्या मेपलच्या झाडाला स्वतःची सगळी पानं आपल्याच तळ्यात टाकायची असतात. बर्फात भोक राखणारा हीटरसुद्धा लावून पाहिला. चालतोय.

आता तू विचारणार, चिखलाने भरलेल्या त्या टोपल्या उचलल्या कुणी? दर वर्षी विचारतेस आणि दर वर्षी मी सांगते, हार्डवेअरच्या दुकानातला पोरगा येतो. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? असा कुणी पोरगा नाही. कर्ट येतो.

पत्र फेकू नकोस. आधी वाच, मग फेक.

तुमचं लग्न मोडलं त्या शरदातही तो आला होता. मी बोलावलं नव्हतं. शनिवारी सकाळी मागच्या अंगणात आवाज आला म्हणून पाहिलं, तर हा छातीपर्यंत पाण्यात. मी म्हटलं, "कर्ट, तुला आता हे करायची गरज नाही." तर म्हणाला, "लिलीला कुठे माहीत आहे?" त्याच्या मानाने हे भाषणच झालं. पुढे मेमध्ये टोपल्या वर काढायला आला, ऑक्टोबरमध्ये पुन्हा खाली ठेवायला आला. दोन वाट्या सूप पितो, लिंबाच्या गोड वड्या खातो, जातो. तुझं नाव तो काढत नाही, मीही काढत नाही.

तू म्हणायचीस, त्याच्याशी संसार म्हणजे भिंतीशी बोलणं. खोटं नाही. तो जन्माचा मूग गिळून बसलेला. तू त्याला सोडलंस तेव्हा मी तुला एका शब्दाने विचारलं नाही, आणि आजही विचारत नाही. पण निघताना तू म्हणालीस, "आई, तो या घरात येत असेल तर मी येणार नाही." मी मान डोलावली. तेव्हापासून तू या घराची पायरी चढली नाहीस, आणि तो येतो हे मी सांगत नाही, कारण सांगितलं तर तू फोनही बंद करशील अशी मला भीती वाटते. घटस्फोट तू घेतलास ट्रूडी. मी नाही घेतला. तुझा नवरा गेला, पण माझा जावई कुठे गेलाय?

काल तो एकटा आला नव्हता. बरोबर मार्ला होती. पुढच्या महिन्यात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी त्यांचं लग्न आहे.

ती दातांच्या दवाखान्यात काम करते, उंच आहे, सारखी बोलत असते. दोघांचं बोलणं ती एकटीच बोलते, त्यामुळे घरात कमतरता पडत नसावी. पाण्यात उतरायची म्हणाली, पण तिच्याकडे रबरी विजार नव्हती. कर्ट गॅरेजमध्ये गेला आणि खिळ्यावरची तुझी हिरवी विजार घेऊन आला. तिला ती अगदी मापात बसली. तुझ्या कपड्यात ती आपल्या तळ्यात उभी राहिली, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं आणि उगाचच कांदे चिरत बसले.

म्हणून पुढचं घडलं. मी बाहेर असते तर अडवलं असतं.

कर्ट खोल खड्ड्यात टोपल्या बसवत होता. मार्ला कामसू बाई, तिला रिकामं उभं राहवेना. तिने कात्री घेतली आणि टबातल्या कमळाचे सगळे देठ साफ कापून टाकले. पाण्याच्या वर नाही, पाण्याखाली, हात घालून जेवढे खाली कापता येतील तेवढे. वर खुंट राहिले की वाईट दिसतात म्हणे.

मी बाहेर आले तेव्हा कर्ट पांढराफटक पडून उभा होता. मार्ला विचारत होती, "काय झालं? अरे काय झालं ते बोल ना!" मी सांगितलं. कमळाचा देठ आतून पोकळ असतो, कंद त्यातूनच श्वास घेतो. पाण्याखाली कापला की पाणी सरळ कंदात उतरतं आणि हिवाळाभर तो आतल्या आत कुजतो.

आणि मग कर्ट म्हणाला, "मार्ला, ते ट्रूडीचं आहे."

एवढंच. रागाने नाही म्हणाला. पण इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून तुझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मार्लाने कात्री गवतावर ठेवली आणि म्हणाली, "मग आता तिचं वाचवायचं कसं ते सांगा."

वाचवायचं तर पाण्याबाहेर काढायला हवं होतं. तो टब तुला आठवतच असेल. तुम्ही लग्नाच्या उन्हाळ्यात त्यात कमळ लावलंत तेव्हाच तो दोघांना हलेना, आता तर मातीने आणि मुळांनी गच्च भरलाय. बाबांची बर्फावरच्या मासेमारीची घसरगाडी काढली. कर्ट खालून रेटतोय, मार्ला वरून ओढतेय, मी दोर धरून हुकूम सोडतेय. "आई, तुम्ही बाजूला व्हा!" म्हणून कर्ट ओरडला. ओरडला ट्रूडी, कर्ट! तेवढ्यात दोर सुटला, मी गवतावर फतकल मारून बसले आणि मार्ला पाण्यात पाठीवर. तुझी विजार पाण्याने भरली. ती बाहेर आली ती हसत, आणि तिला बघून मला हसू आवरेना. कर्टसुद्धा हसला.

टब आता तळघरात बटाट्यांशेजारी आहे. कापलेली टोकं हवेत राहतील एवढंच पाणी ठेवलंय. जगेल की नाही, मेमध्ये कळेल.

सूप पिताना मार्ला म्हणाली, "मिसेस हॉगन, तुमच्या मुलीचा पत्ता द्या. चूक मी केलीय, मीच लिहिते." मी म्हटलं, "नको, मी लिहिते." म्हणून हे पत्र. तिने मुद्दाम नाही केलं गं. आणि तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी सांगते, ती मला आवडली. आवडू नये असं मी ठरवलं होतं, पण जमलं नाही.

कर्टला आई नाही, म्हणून लग्नात चर्चमधल्या पहिल्या बाकावर, आईच्या जागी, मी बसावं असं त्याला वाटतं. त्यांच्या घरामागे ते दोघं तळं खणणार आहेत. तुझं कमळ जगलं तर वसंतात ते फोडून कंद वेगळे करावेच लागतील, नाहीतर टबातल्या टबात गोल गोल फिरून स्वतःलाच गुदमरवेल. त्यातला एक कंद त्यांना द्यावा असं माझ्या मनात आहे. पण कमळ तुझं आहे. तू नाही म्हणालीस तर नाही देणार. बाकावर बसू नको म्हणालीस तर मात्र काय करेन, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

उत्तर दे. रागावून दिलंस तरी चालेल. नुसतं गप्प राहू नकोस, गप्प राहणारा एक मला पुरे आहे.

दोघांचीही,
आई


टुसॉन
२ नोव्हेंबर

आई,

पत्र फेकलं. मग उचललं. मग पुन्हा फेकलं. तू म्हणालीस त्याच क्रमाने नाही झालं.

हार्डवेअरच्या दुकानात साठीच्या खालचा माणूस मी शाळेत असल्यापासून कुणी पाहिलेला नाही. तो पोरगा कोण हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. मी दर ऑक्टोबरला मुद्दाम विचारत होते, कधीतरी तू खरं सांगशील म्हणून. तो येतो याचा राग पहिल्या हिवाळ्यातच गेला. पण मी एवढं मोठं बोलून बसले होते की परत यायचं कोणत्या तोंडाने, ते कळेना. तू लपवत राहिलीस, मी विचारत राहिले, आणि मूग गिळणारा म्हणे तो एकटाच.

बाकावर बस. निळा कोट घाल. तपकिरी घालू नकोस, त्यात तू अजूनही शाळेची बस चालवत असल्यासारखी दिसतेस.

ती माझ्या विजारीत मावली हे मी दोनदा वाचलं. ते मला आवडलं नाही आणि आवडणारही नाही, तेव्हा त्याबद्दल पुन्हा लिहू नकोस. पण विजार तिलाच राहू दे. मला ती आता गुडघ्याच्या वर चढायची नाही.

कमळाला मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मे महिन्यात येते. कुजलं असलं तरी येते. जगलं असेल तर मीच फोडणार, तळघरातून अंगणात आणून, त्या दोघांच्या समोर. त्यांना टोपली घेऊन बोलाव.

त्या दिवसांत कोंब किती नाजूक असतो, तुला माहीत आहे. आणि माझे हात त्या वेळी थोडे थरथरतील. तिच्या वाटणीचा कोंब माझ्याकडून मोडला, तर तूच तिला समजावून सांग, की मी मुद्दाम नाही मोडला.

तुझी, आणि हे विसरू नकोस, एकुलती एक,
ट्रूडी