कुकू स्पेनला पोचला

ती. बाबा,

आयर्लंडमधल्या गॉलवेहून तुमच्या अक्षयाचा नमस्कार. मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर.

तुम्ही रोज फोनवर विचारत होतात, "आफ्रिकेतून निघालेला तुझा कुकू पक्षी कुठवर आला?" मी म्हणायचे, "येतोय." खरं तर सहारा ओलांडताना वादळ झालं आणि त्याच्या पाठीवरच्या ट्रान्समीटरचा सिग्नलच थांबला. आमच्या लॅबच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "आता आशा नको." तुमच्या ऑपरेशनच्या तोंडावर हे सांगायला जीभ रेटेना.

आज सकाळी सिग्नल आला, स्पेनमधून! मी लॅबमध्येच रडले.

आई नीट जेवते ना? तुमचं छातीत दुखणं थांबलं का? मी लपवलं, पण तुम्ही लपवू नका. हे सुश्रुतदादाला ईमेल करतेय, उद्या ऑपरेशनला जाण्याआधी त्याच्याकडून वाचून घ्या. शुद्धीवर आलात की पहिला आवाज मला ऐकवा.

तुमचीच,
अक्षया