मामानं किती वेळ उभं राहावं

रुआबांधा, भिलाई
६ एप्रिल २०२५

चि. सौ. मनकर्णा हिस दादाचे अ. उ. आशीर्वाद.

हर्षाच्या लग्नाची पत्रिका मिळाली. भाची बोहल्यावर चढणार हे वाचून आपली शाळा डोळ्यांपुढे आली. मास्तर चालीवर कविता म्हणत आणि खिडकीबाहेर पळस पेटलेला असे. आता मनात तसं काही पेटत नाही बघ. गर्दी नकोशी वाटते. तेव्हा मी लग्नाला येणार नाही. नवरीच्या मागे मामा म्हणून दुसऱ्या कुणाला उभं करा. मंगलाष्टकं लिहून पोस्टानं पाठवतो. यंदा अंमळ लांबली आहेत.

उतई काही परदेशात नाही, असं तुझी वहिनी विजया म्हणते. तिला कवीचं मन कळत नाही. फोनच करणार होतो, पण तुझ्या घरी तो स्पीकरवर ठेवून अख्खं कुटुंब ऐकतं.

माया असू दे. मामा दुरूनच अक्षता टाकील.
मारोतदादा


उतई
१३ एप्रिल

ती. दादास मनकर्णाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुह्यं पत्र वाचून मी पहिले रडली, मग वहिनीले फोन केला, मग हसली. स्पीकर बंद करून केला, घाबरू नको. कवीचं मन म्हणे! कवीचं मन घडीघडी न्हाणीघरात कायले जाते रे? नळ सोडून उभा राहतो, तरी तुले लघवी होत नाही, हे वहिनीनं सांगितलं. उतईच्या रस्त्यात गाडी थांबवा लागंल म्हणून तू लाजून राहिला. आन् उपाय काय काढला, तर पाणी पिणंच बंद! एप्रिलच्या भिलाईत! वरून सर्दी झाली म्हणून मेडिकलवाल्याची गोळी खाल्ली, आन् अख्खी दुपार अडकून बसला.

पोलाद कारखान्यात भट्टीचा आवाज जरासा बदलला तर तू साहेबाशी भांडून शटडाऊन घेत होता. सोताच्या पाइपाले मात्र कविता ऐकवतो. आजवर तुह्या मंगलाष्टकांत सारे पाहुणे अडकले, आता तू अडकला. देवालेही गंमत समजते.

ऐक आता. मामा मागं नसंल तर अंतरपाटासमोर उभीच राहत नाही, असं हर्षा म्हणते. पोरगी माह्यावर गेली, करून दाखवंल. डॉक्टरकडं जा.

हे भांडणही लोभातच धर.
मनकर्णा


रुआबांधा
२४ एप्रिल

चि. सौ. मनकर्णा हिस आशीर्वाद.

गेलो. शेजाऱ्यांना बीपीचं सांगून गेलो. सोनोग्राफीसाठी पोटभर पाणी पाजून बसवतात. बाकावर पाहतो तर आमची अर्धी भट्टी! ज्या फोरमनच्या हाकेनं माणसं पळत, ते पाय आवळून छताकडे बघत होते. एकानं नातवाला दाखवायला आणल्याचं सांगितलं. नातू कुठंच दिसला नाही. मला आपला वर्ग आठवला. पाठांतर न केलेली सगळी मुलं, आपलं नाव पुकारू नये म्हणून गप्प.

डॉक्टर म्हणजे हर्षाच्या वयाची मुलगी. ओशाळलो. उतारवयात प्रोस्टेट वाढते आणि मूत्रमार्ग दाबते, बहुतेकांना हे होतंच, असं तिनं शांतपणे सांगितलं. पाणी तोडणं आणि ती सर्दीची गोळी, दोन्ही चुकलं; तसल्या गोळीनं लघवी आणखी अडते म्हणे. आता गोळ्या सुरू आहेत. दिवसा पाणी प्यायचं, झोपण्याआधी कमी. कॅन्सरचं भूत मनात होतं, ते विजयालाही बोललो नव्हतो. रक्ताचा रिपोर्ट बरा आला, तपासणी मात्र चालू ठेवायची आहे.

हर्षाला सांग, मामा मागे उभा असेल.
तुझी जीभ आहे तशीच राहो.
मारोतदादा


उतई
१८ मे

ती. दादास शि. सा. न.

तू उभा राहिला, पोरगी सुखानं सासरी गेली. पण खरी गोष्ट तू गेल्यावर समजली.

ऐन मुहूर्तावर व्याही मांडवातून गायब झाले, तेव्हा मानपानावरून रुसले असं सारेच समजले. हर्षाचे बाबा शाल-नारळ घेऊन संडासाच्या दारासमोर हात जोडून उभे! आतून नुसतं खाकरणं. तू सगळ्याईले तिथून हाकललं, ते कायले, हे मले तेव्हा उमगलं नाही. व्याही बाहेर आले आन् हो, रुसलोच होतो म्हणून शाल घेऊन मोकळे झाले.

आज विहिणबाईचा फोन आला. बरेच वर्षं झाले, व्याही लपवून राहिले. गावानं लोभी म्हटलं तरी चालंल, पण लघवी अडते हे कोणाले कळू नये! काय जात आहे रे तुमा पुरुषांची.

येत्या हप्त्यात ते मैत्रीबागेतले प्राणी पाहाले म्हणून तुह्याकडं येऊन राहिले. वाघ दाखवाचा का नाही, तुह्यं तू पाह्य. शालीचा विषय काढू नको. हात धरून डॉक्टरीणबाईकडं ने.

वहिनीले नमस्कार. लोभ वाढला, तो पचव.
मनकर्णा