चिंधी सुटलेली बादली

१८ एप्रिल, शुक्रवार

कुणाला सांगू? कुणालाच नाही! म्हणून इथे लिहितेय.

आज जत्रेची कंदुरी, देवाला बकरं. भावकीची पंगत, वाढायला मी. वाढणारीला कोण काय खातं ते तोंडपाठ लागतं. आप्पा — माझे सासरे — पक्के माळकरी. सुनीलचे — माझ्या नवऱ्याचे — मित्र वारवाले, सोमवार-गुरुवार-शनिवार सोडून सगळं चालतं! भावकीतले बजरंगनाना रस्सेवाले. 'आपन खात न्हाई गं, नुसता रस्सा वाढ' — आणि तीन वाट्या ओरपतात. तालमीतली पोरं आप्पांना घासफूस म्हणतात. आप्पाही हसतात.

बिनमटणाची येसर आमटी माळकऱ्यांच्या रांगेला, मटणाचा रस्सा बाकीच्यांना. वाटण एकच, रंग एकच, बादल्याही सारख्या. म्हणून आमटीच्या बादलीला पांढरी चिंधी बांधतात. ती चिंधी मी सोडली! आमच्या पाच वर्षांच्या राजीचं नाक सकाळपासून वाहत होतं, हाताशी दुसरं काही नव्हतं. नाक पुसलं, तिला सुनीलकडे दिलं, आणि बादली उचलून माळकऱ्यांच्या रांगेत गेले. पहिलेच आप्पा. कुस्करलेल्या भाकरीवर दोन पळ्या ओतल्या. पुढच्या ताटासाठी पळी बुडवली तर पळीत हाड!

आप्पा पहिला घास खाऊन बसलेले. म्हणाले, 'सविता, मीठ कमी हाय. पुढं वाढू नगं, दुसरी आन.' नशीब माझं! पळतच जाऊन खरी आमटी आणली. बाकी रांग वाचली. पण आप्पांनी आपलं ताट पार पुसून खाल्लं. कळलं नसावं. देवा, कळलं नसू दे.

१९ एप्रिल

झोप नाही.

लोकांना वाटतं, म्हातारपण आलं म्हणून आप्पांनी माळ घातली. तसं नाही. तीन वर्षांपूर्वी राजी दोन वर्षांची होती, नगरला दवाखान्यात आयसीयूच्या काचेआड. डॉक्टर म्हणाले, 'आमच्या हातात होतं ते केलं.' आप्पा तिथूनच चालत देवळात गेले — 'पोर घरी आली तर परत मटन तोंडाला लावनार न्हाई.' तिसऱ्या दिवशी राजी घरी आली! आणि आप्पा म्हणजे एका बैठकीला किलोभर खाणारा माणूस. तेव्हापासून अंडंसुद्धा नाही.

तो शब्द मी मोडला. माझ्याच पोरीसाठी दिलेला.

२० एप्रिल

राजीला ताप. एकशे दोन.

२१ एप्रिल

ताप उतरत नाही. सुनील म्हणतो, 'ऊन लागलं असंल, घाबरू नको.' त्याला काय माहीत! ओल्या फडक्याच्या घड्या ठेवतेय आणि मनात एकच — माझ्यामुळे, माझ्यामुळे.

आप्पा दोन दिवस धड जेवले नाहीत. राजीच्या उशाशी बसून असतात. माझ्याकडे बघत नाहीत. मी चहा पुढे केला तर मान खाली. कळलंय का त्यांना?

संध्याकाळी बजरंगनाना पोरीला बघायला आले. जाता जाता म्हणतात, 'त्या दिशी माळकऱ्यांची बादली कामून बदलली गं?' तेवढ्यात आतून आप्पा ओरडले — 'मीठ कमी हुतं, बजरंगा! किती डाव सांगू?' कधी नव्हे तो एवढा मोठा आवाज! नाना गुमान चपला घालून गेले.

२२ एप्रिल

आप्पांच्या गळ्यात माळ नाही!! सकाळी दूध द्यायला गेले तेव्हा बघितलं. 'दोरा तुटला,' म्हणाले. आपणहून तुटला? तुळशीची माळ, दरसाली नवा दोरा ओवतात ते. हा इशाराच आहे.

सांगून टाकावं का? सांगितलं तर म्हातारा माणूस खचेल. नाही सांगितलं तर पोर जाईल. आई गं, काय करू?

२३ एप्रिल

राजीला शेवगावला नेलं. डॉक्टरीणबाईंनी घसा बघितला, इंजेक्शन दिलं. 'सर्दी कधीपासून?' मी म्हटलं, 'शुक्रवारी सकाळपासून.' बोलून गेले आणि मग लक्षात आलं — पंगत तर दुपारी होती! म्हणजे दुखणं आधीचं. असं स्वतःला दहा वेळा सांगितलं. पण मन ऐकतंय कुठे? राजी मांडीवर निखाऱ्यासारखी तापलेली, आणि मी येताना सगळ्या वाटेत देवाची माफी मागत होते.

उद्या आप्पांना सांगणार. काय व्हायचं ते होऊ दे. ही भीती आता सोसवत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

ताप उतरला! राजीने उठल्या उठल्या दूध-भाकरी मागितली. मी हुंदके देऊन रडले.

तरी ठरवलेलं मोडलं नाही. आप्पांपुढे जाऊन बसले. तोंड उघडायच्या आत तेच बोलायला लागले, डोळ्यांत पाणी — 'पोरीच्या तापाचं पाप माझं हाय, सविता. माळ मीच काढून ठिवली. गळ्यात घालायची लाज वाटाया लागली. कंदुरीत पयल्या घासालाच मला कळलं हुतं. जल्मभर खाल्लेलं, तीन वर्सांत जीभ इसरती व्हय? पर वर बघितलं तर तुझं तोंड पांढरंफटक. पंगतीतनं उठलो असतो तर भावकीनं तुला जल्मभर बोल लावला असता. म्हून गिळलं.'

मी एवढंच विचारलं, 'आणि मीठ?'

'मीठ बराबर हुतं, पोरी.'