लाइटवाला मदरबोर्ड

शनिवार, संध्याकाळ

मनीषनगरच्या त्या दुकानदाराचा राग अजून जात नाही. गेमिंग कॉम्प्युटर माझा, मदरबोर्डचे प्रश्न मी विचारले, आणि उत्तरं कोणाला? माझ्या नवऱ्याला! ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

"सर, हा घ्या, लाइटवाला. मस्त चमकते."

म्हटलं, माझा प्रोसेसर यावर बसतच नाही. तर म्हणतो, "बसवून देतो ना, सर!" ठोकून बसवणार होता का, मूर्ख? लाइट म्हणे! आणि प्रशांत आपला मान हलवून राहिला होता.

मी तशीच बाहेर पडले. गाडीवर प्रशांत म्हणाला, "काहून चिडून राहिली वं? बिचारा समजावूनच तर राहिला होता."

दुकानदार परका होता. पण "कॉम्प्युटर हिचा आहे", एवढंही नवऱ्याच्या तोंडून निघू नये?

मदरबोर्ड घ्यायला उद्या सीताबर्डीच्या बाजारात जाईन. एकटी.