गोदामातली पक्की गाठ

४ मार्च
ऑपरेशनमध्ये हिच्या काखेतल्या गाठी काढल्या, तेव्हापासून उजवा हात सुजतो. लिम्फेडेमा. आजपासून त्या हाताची सगळी जबाबदारी माझी. थेरपिस्ट बाईंनी बँडेज शिकवलं: बोटांकडे घट्ट, वर सैल. मान डोलावली. पण आमचा उभा जन्म गोदामात पॅकिंग करण्यात गेला. पोतं वर, तोंडापाशी आवळतात, हे बाईंना कोण सांगणार?

५ मार्च
बँडेज बांधलं. देखणं! ही म्हणाली, दंडाला फार आवळतंय हो. म्हटलं, ढिलं काम माझ्या हातून होत नाही.

८ मार्च
दुपारच्या डुलकीनंतर पाहतो तर बँडेज सैल. हल्लीच्या मालात दम नाही. पुन्हा आवळलं.

९ मार्च
पुन्हा सैल. दुकानदाराशी भांडलो. तो म्हणे, काका, बँडेज आपोआप सुटत नसतं. उद्धट मेला. निश्चय: उद्यापासून डुलकी बंद.

१० मार्च
डुलकी लागली. बँडेज सैल. ही आपली खिडकीबाहेर बघतेय.

११ मार्च
अक्कल चालवली. दंडावर गोदामातली खास गाठ मारली. दोन हात लागल्याशिवाय सुटायची नाही! ही बराच वेळ गाठीकडे बघत राहिली. तोंडावर कौतुक करायची सवय तिला कधीच नव्हती.

१२ मार्च
सूज बोटांत उतरली. म्हणजे बाहेर पडायच्या वाटेवर आहे. अंगठी रुतलीय. अहो, सोडा ना, म्हणाली. इतकी पक्की गाठ सोडायला जीव होईना. म्हटलं, धीर धर.

१३ मार्च, सकाळ
बोटं लाल, गरम. रक्त खेळायला लागलं, चांगली खूण. हिला कणकण आहे. बाईंना फोन करा म्हणते. राईचा पर्वत कशाला?
मला जेवण गेलं नाही. पित्त असणार.

१३ मार्च, संध्याकाळ
ही थडथड कापतेय. भीती वाटते. गाडी बोलावलीय.

१४ मार्च, हॉस्पिटल
सलाईन चालू. जंतुसंसर्ग रक्तात भिनलाय म्हणतात. हात वाचेल का, ते उद्या सांगतील. अंगठी कापून काढली, माझ्या खिशात आहे. गाठही कात्रीनेच कापावी लागली. ती हातात धरून डॉक्टरांनी विचारलं, कुणी बांधलं हे?
मी तोंड उघडणार, तोच ही म्हणाली, मीच. रोज डाव्या हाताने बांधते, डाव्या हाताने सैल करते. या वेळी सुटेना.
ती गाठ एका हाताने बसत नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.
मी खिडकीबाहेर पाहिलं.