शंभर वर्षांनी उठण्याचा अर्ज

१२ जानेवारी १९८९
चंद्रभागेचं दहावं. कान्हाने खाडीकाठी पिंड ठेवला. माझ्याशी बोलला नाही. चार वर्षांपूर्वी न विचारता लग्न केलं म्हणून पोराला मीच घराबाहेर काढलेलं; शिस्तीचा प्रश्न होता. मनात वाक्य तयार ठेवलेलं: 'कान्हाला घरी आणतो, जीव अडकवू नकोस.' हात जोडतोय तोवर कावळा शिवूनही गेला! लोक म्हणाले, भाग्यवान बाई, कशात जीव अडकला नाही. चौतीस वर्षांचा संसार आणि नवऱ्यात नखभरही जीव नाही? म्हणजे परलोक वगैरे सगळं थोतांड. आजपासून विश्वास बंद.

१३ जानेवारी
सकाळी देवाला नमस्कार केला नाही. संध्याकाळी केला, पण सवयीने. सवय म्हणजे श्रद्धा नव्हे.

२ फेब्रुवारी
पेपरच्या पुरवणीत लेख. अमेरिकेत मेलेल्या माणसाला गोठवून ठेवतात. पुढे औषध सापडलं की उठवायचं. याला म्हणतात सायन्स! सव्वीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात फोरमन होतो. अख्ख्या बाळकुमात या विषयात माझ्याएवढा अधिकारी माणूस नाही. लगेच पत्र टाकलं.

९ फेब्रुवारी
बहीण सगुणा बाजारात मासळी विकून परस्पर आली. तिला प्लॅन सांगितला. म्हणाली, दादा, बर्फानं मावरं ताजं ऱ्हातं, जितं नाय होत. अडाणी. वर विचारते, वहिनी गेली तवा तू रडलास का रे? विषय काय, बोलते काय! न जेवता गेली. तिचाच दोष.
संकल्प: यापुढे रागावणे नाही. रागाने आयुष्य घटतं.

२० मार्च
उत्तर आलं! नऊ पानी फॉर्म. डिक्शनरी घेऊन बसलो. पान सहा: जवळच्या नातेवाइकाची सही हवी. जीव गेल्या गेल्या त्यानेच तिकडे कळवायचं आणि अंगाभोवती बर्फ भरायचा. बर्फाची सोय मी करीन. नातेवाईक तेवढा बघायचा.

२६ मार्च
धाकटा भाऊ भिवाजी नाही म्हणाला. बर्फाच्या लाद्या उचलून कंबर धरते म्हणे. एकाहत्तर सालापासून आमचं बोलणं नाही, तरी मी मोठेपणा घेऊन गेलेलो. सगुणा म्हणाली, जाळायला येन, गोठवायला नाय. शेजारचा विश्राम नुसता हसला. त्याच्यावर रागावलो नाही. जरा मोठ्याने बोललो इतकंच.

२ एप्रिल
राहिला कान्हा. जाणार नाही. त्याने यायला हवं. बाप आहे मी.

९ एप्रिल
मोहने गावी कान्हाच्या घरी गेलो. सुनेने, शीलाने, दार उघडलं. खुर्ची दिली, चहा दिला. चहा चांगला होता. घरी चला असं म्हणायचं अगदी ओठावर आलेलं. लाज वाटली. म्हटलं, आधी काम. फॉर्म काढला.
कान्हाने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही, संस्कार माझेच. मग एवढंच विचारलं की, बाबा, तुम्हाला उठवतील तेव्हा आमच्यातलं कुणी नसेल ना? म्हटलं, छे, शंभर वर्षं तरी लागतील.
त्याने शीलाकडे बघितलं. खिशातलं पेन काढलं आणि सही केली. नऊच्या नऊ पानांवर. मी एकाच पानावर मागितलेली.