पाट्यांवर माझं वजन

हर्सूल, शुक्रवार, दिवेलागण

नामदेवा, ही चिठ्ठी उद्या वाटेत वाच. मला लिहिता येत नाय, मी सांगते अन् शेजारची सुमन लिहून घेते, हे तू विसरलाच असशील. आईला विसरलास, बायकोचं नाव तरी ध्यानात हाय का, लेका?

मेंढरांमागं फिरताना निजायची आपली छपराची ट्रॉली आज गॅरेजातून आली. वाकलेला एक्सल काढून नवा टाकला, वजन पेलणारे स्प्रिंगचे पाटेही बदलले. परवा मिस्त्रीनं विचारलं होतं, "वजन किती राहील? त्या हिशोबानं पाटे चढवतो." तू अंथरुणं सांगितलीस, पीठ, पाणी, दमलेली कोकरं. मी बाजूलाच बसले होते. कोकरं हिशोबात धरली, आई नाय धरली.

इतकी वर्षं त्याच ट्रॉलीत निजले. मग आता...?

आज ट्रॉली दारात लागल्यावर मी आत चढून बसले.

"पाटा दबला का रं?"

"नाय, आई."

"मग मला न्यायला काय जातंय?"

तू चाकाकडंच बघत राहिलास. "तुझी कंबर, आई," एवढंच बोललास.

उद्या तुम्ही गंगापूरकडं निघाल. कंबर इथंही दुखंल, फक्त ऐकायला कुणी नसंल. कोकरं धरली म्हणं.

मेंढी व्याली की खरवस पाठव. आणणाऱ्यालाही माझ्याजवळ बसून खाता येईल, एवढा पाठव.